जळकं ऑइल आणि टाकीवरचा भाऊ

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईनं तिखटमीठ लावलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. सिलिंडर बदलायचा असला की शेजारणीला हाक मारते. दिवाळीत फटाके सुरू झाले की कानात बोटं घालून मधल्या खोलीत बसते, आणि माझ्या वयाच्या बायका माझ्याकडे पाहून हसतात. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही, पण म्हणीला कोण अडवतं. तर अशा मला नोकरी मिळाली ती डांबराच्या प्लांटवर, जिथं दिवसभर काहीतरी पेटलेलं असतं आणि काहीतरी उकळत असतं.

प्लांट शेलूबाजारच्या पुढे, हायवे सोडून आत, एका जुन्या खदानीच्या कडेला होता. एका बाजूला गिट्टीचे ढीग, मधे गिट्टी आणि डांबर कालवणारा फिरता ड्रम, आणि दुसऱ्या बाजूला डांबराची टाकी. आडवी, गोल, टँकरएवढी, पोटाखाली डिझेलचा बर्नर. टाकीच्या पाठीवर झाकण होतं आणि तिथपर्यंत जायला लोखंडी शिडी. त्या शिडीवरून दिवसभर जो माणूस वरखाली करायचा तो माझा थोरला भाऊ. त्याचं खरं पद काय होतं कोणास ठाऊक, सगळे त्याला टाकीवाला म्हणायचे. माझी लॅब टाकीच्या समोरच होती, पत्र्याची खोली आणि एक खिडकी. खिडकीतून टाकी दिसायची आणि टाकीवर दादा दिसायचा. माझं निम्मं लक्ष कायम तिकडेच असायचं.

वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडली आणि रस्त्याच्या कामावर गेला. मी वाशिमला बी.एस्सी. झाले ती त्याच्या घामावर. पुढे प्लांटवर लॅबसाठी माणूस हवा होता, तेव्हा हाच साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "माही बहीन केमिस्ट्री शिकली, साहेब. तिले सारं समजते." सारं म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. पण नोकरी लागली. आमचा दादा कशालाच भीत नसे. डाळ शिजली का पाहावं तसा तो टाकीचं झाकण उघडून तोंड आत घालायचा. कोणी टोकलं की माझ्याकडे बोट दाखवायचा. "आमच्या घरचं सारं भेव हिच्या वाट्याले गेलं, मले काई उरलंच नाई."

डांबर तपासायची त्याची स्वतःची रीत होती. काडीवर थेंब घ्यायचा, पाण्याच्या डबड्यात बुडवायचा, गार झाला की बोटांत गोळी वळायची आणि पुढच्या दातांत धरून दाबायची. जुने मिस्त्री असंच करायचे म्हणे. गोळी कटकन तुटली तर माल कडक, दाताला चिकटली तर नरम. माझ्याकडे सुईचं यंत्र होतं. ठरलेल्या वजनाची सुई ठरलेला वेळ डांबरावर सोडायची आणि ती किती आत शिरली ते मोजायचं. "तुही सुई अन् माहे दात, एकच गोष्ट हाये," असं तो म्हणायचा. बऱ्याचदा दोघांचं उत्तर खरंच एक यायचं, आणि मला त्याचा राग यायचा.

त्या वर्षी मानोऱ्याकडच्या एका जुन्या रस्त्याचं काम होतं. वरचा थर यंत्रानं खरवडायचा, तो माल प्लांटवर आणायचा आणि नव्या मालात मिसळून पुन्हा वापरायचा. कल्पना चांगली आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण डांबर म्हातारं होतं. ऊन आणि हवा त्याचं तेलकट अंग खाऊन टाकतात आणि मागे उरतं ते ताठ, ठिसूळ, पापडासारखं मोडणारं. त्याला पुन्हा मऊ करायला एक खास तेल मिळतं, पण ते लांबून यायचं होतं आणि येत नव्हतं. साहेबांचा जीव टांगणीला लागला होता, कारण रामनवमीच्या आत रस्ता व्हायला हवा होता. त्या दिवसांत पोहरादेवीला माणसांचा पूर येतो आणि अर्ध्या गाड्या याच रस्त्यानं जातात.

तेव्हा दादा म्हणाला, "साहेब, जळकं ऑइल टाकून पाहू ना."

जळकं ऑइल म्हणजे गाड्यांच्या इंजिनातून काढून टाकलेलं काळं तेल. आमच्याकडे ते औषध आहे. दाराच्या चौकटीला वाळवी लागली, लावा जळकं ऑइल. बंडीचं चाक कुरकुरलं, नांगराला गंज चढला, गोठ्याचे खांब सडायला लागले, लावा. म्हशीला गोचिड झाले तरी लोक तेच चोपडतात, आणि बिचारी म्हैस काही बोलत नाही. न्हाणीच्या मागे एका डबड्यात ते प्रत्येकाकडे असतंच. जे आखडलं, जे कुरकुरलं, त्याला जळकं ऑइल, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. दादाला जे सुचलं ते आमच्या भागात कोणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण काही सुचायच्या आधी मला भीती वाटते.

शेलूबाजारच्या गॅरेजांतून ड्रम आले. एक छोटा पंप बसवला, त्याची एक नळी ड्रमात, दुसरी टाकीच्या झाकणातून आत. दादानं काडी बुडवली, गोळी वळली, दातांत धरली आणि सगळ्यांकडे पाहून हसला. माझ्या सुईनंही मान डोलावली. माल मऊ झाला होता, हवा तसा. साहेबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा रे इंजिनियर!" त्या दिवसापासून सगळे त्याला इंजिनियर म्हणायला लागले. घरी वहिनीनं वडे केले. "आता यायले कोट शिवा लागते," ती म्हणाली, आणि दादा लाजला. मी त्याला लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी वडे खाल्ले आणि गप्प राहिले.

पण मला वास आवडला नव्हता. डांबराचा एक सरळ, जड वास असतो, त्याची सवय होते. हा वास आंबूस होता, डोळ्यांत शिरणारा. मी दुसऱ्या दिवसापासून माझ्या परीनं शोध घ्यायला लागले. थोडं डांबर ओव्हनमध्ये तापत ठेवलं, म्हणजे काही वर्षांत रस्त्यावर जे होतं ते लवकर दिसतं. बाहेर काढून सुई सोडली तर ती वरच अडली. एवढ्या लवकर एवढं कडक झालेलं डांबर मी पाहिलं नव्हतं. कलप लावून म्हातारा नवरदेव झाला, पण मुंडावळ्या सुटायच्या आत पुन्हा काठी टेकायला लागला, असा तो प्रकार. दात आणि सुई दोघंही फसले होते. मऊ म्हणजे तरुण, असं दोघांनी धरून घेतलं होतं.

मग माझ्या जुन्या कॉलेजात जाऊन, सरांच्या पाया पडून, तेलाची आम्लता तपासली. इंजिनात जळून जळून तेल आंबतं. त्याच्यातलं आम्ल मारायला मी थेंब थेंब अल्कली सोडत राहिले, आणि आम्ल संपलं की येणारा गुलाबी रंग काही येता येईना. सर म्हणाले, "हे तू कुठून आणलंस?" मी सांगितलं नाही. परत आल्यावर डांबर लावलेली गिट्टी पाण्यात उकळली. थोड्या वेळानं पाहिलं तर काळा दगड ठिकठिकाणी उघडा पडलेला, सोललेल्या बटाट्यासारखा. आंबट पदार्थ दगडाला झटकन चिकटतात आणि पाणी आलं की झटकन सोडून देतात. मी साहेबांना तो दगड नेऊन दाखवला. पावसाळ्यात या रस्त्याची गिट्टी सुटणार, असं मी त्यांना सांगितलं.

"पावसाळ्याचं पावसाळ्यात पाहू, मॅडम," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला रामनवमीच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

इथवर मला काळजी होती. भीती वाटली ती नंतर.

एक तपासणी असते, तिला फ्लॅश पॉइंट म्हणतात. छोट्या पितळी वाटीत डांबर तापवत न्यायचं आणि मधून मधून तिच्यावरून एक बारीक ज्योत फिरवायची. एका क्षणी वाटीवर निळा भडका उठतो आणि विझतो. म्हणजे त्या तापमानाला वरची वाफ पेट घ्यायला तयार असते. ही तपासणी मी नेहमी हात लांब करून आणि तोंड फिरवून करते. त्या दिवशी मी अजून तोंड फिरवलंही नव्हतं, आणि भडका उठला. नेहमीपेक्षा कितीतरी आधी. मी चिमटा टाकून दारापर्यंत पळाले. पुन्हा केली, पुन्हा तेच. गॅरेजवाले त्याच ड्रमात डिझेल ओततात, सुटे भाग धुतलेलं पेट्रोल ओततात. ते सगळं आता टाकीत होतं, खाली बर्नर पेटलेला होता, आणि वर झाकण उघडून माझा भाऊ तोंड आत घालून पाहत होता.

मी खिडकीतून पाहिलं तर तो खरंच पाहत होता. मी तशीच साहेबांकडे धावले.

साहेबांना सांगितलं. त्यांनी हे मानलं, असं म्हणावं लागेल. बर्नर थोडा कमी ठेवायला सांगितला, टाकीजवळ बिडी ओढायला बंदी घातली. पण तेल चालूच राहिलं. मग मी दुसरं सांगितलं, ज्याची मला पहिल्यापेक्षा जास्त धास्ती होती. त्या तेलात पाणी असलं तर? तापलेल्या डांबरात पाणी गेलं की त्याची तिथल्या तिथं वाफ होते, आणि सगळं डांबर फेसाळून दूध उतू जावं तसं झाकणातून बाहेर येतं. साहेब म्हणाले, "तेलात पाणी कुठून येईल?" आजूबाजूची माणसं हसली. मी भित्री आहे हे प्लांटवर सगळ्यांना माहीत होतं. एकदा लॅबमध्ये सरडा शिरला तेव्हा मी टेबलावर चढले होते, ती गोष्ट अजून चालू होती.

त्या संध्याकाळी दादाच्या घरी गेले. तो जेवायला बसला होता. मी सरळ म्हणाले, "दादा, त्या टाकीत डोकं घालत नको जाऊ."

"मंग काय पाय घालू?"

"हासन्यावारी नको नेऊ. ते पेट घेते. त्यात पानी गेलं त उसळून अंगावर येते."

"अव बाई," तो घास थांबवून म्हणाला, "तू त कुकरले बी भेतं. तुह्यं आयकून चाललो असतो त मी आतालोक घरात बसून राह्यलो असतो, अन् तू शिकली नसती."

वहिनीचा हात भाकरीवर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तिचं आयका ना जरासं," ती म्हणाली. पण तो इंजिनियर होता आता. ज्या गोष्टीनं त्याला पहिल्यांदा कोणी मोठं म्हटलं होतं, तीच गोष्ट मी वाईट म्हणत होते, तेही भाकरीसमोर. त्यानं ताट सरकवलं नाही, माझ्याकडे न पाहता जेवत राहिला. मला रडू आलं आणि रागही आला. जो माणूस रोज भितो, त्याच्या भीतीला बाजारात भाव नसतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. डबा उघडायची आणि बंद करायची. दादा शिडीवर चढला की हातातलं काम सुटायचं, उतरला की पुन्हा सुरू व्हायचं. पंप सुरू झाला की माझ्या छातीत दुसरा पंप सुरू व्हायचा. पत्र्यावर कावळा बसला तरी मी दचकायचे. घरी कपडे धुताना मला तो वास यायचा, उशीलाही यायचा. मी विहारात वंदनेला बसले तरी डोळे मिटायची हिंमत होत नसे, कारण मिटले की झाकण दिसायचं.

मग अवकाळी आला. मार्चमधल्या एका संध्याकाळी आभाळ काळं झालं, गारा पडल्या, वीज गेली, लोकांचा उभा गहू झोपला. सकाळी लख्ख ऊन. मी नेहमीच्या जीपनं निघाले, पण वाटेत बाभळीचं झाड आडवं पडलं होतं, ते बाजूला करेपर्यंत उशीर झाला. प्लांटवर पोचले तेव्हा बर्नर पेटलेला होता, ड्रम फिरत होता, आदल्या दिवसाचं काम भरून काढायची घाई चालली होती. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं.

तेलाचा ड्रम काठोकाठ भरलेला होता.

आदल्या संध्याकाळी मी त्यातून नमुना घेतला होता तेव्हा तो अर्धा होता. त्याला झाकण नव्हतं, पंपाची नळी घालायला वरचा पत्रा कापून टाकला होता. शेजारच्या पत्र्यावरून गळणारी धार रात्रभर त्यात पडली होती. पाणी जड, ते खाली गेलं आणि तेल वर आलं. वरून पाहणाऱ्याला ड्रमभर काळं तेल दिसत होतं. सगळ्यांना वाटलं गॅरेजवाल्यानं सकाळी आणून भरला. आणि पंपाची नळी तर ड्रमच्या तळाशी होती, जिथं फक्त पाणी होतं.

पंप सुरू होता. दादा टाकीवर, झाकण उघडं, एका हातात नळी धरून उभा.

मी बाहेर धावले. "दादा! उतर! पानी हाये त्यात! पानी!" मी किती मोठ्यानं ओरडले मला आठवत नाही. बाकीच्यांनी वर पाहिलंही नाही, त्यांना माझं ओरडणं रोजचं होतं. दादानं मात्र मान वळवली. झाकणावरून तोंड फिरवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मोकळ्या हाताचं बोट कानात घालून, डोळे घट्ट मिटून, माझी दिवाळीतली नक्कल केली. हसला. तेवढ्यात टाकीच्या पोटातून घरघर आली.

काळा फेस झाकणातून वर आला. आधी हळू, मग एकदम, माणसाच्या उंचीएवढा. दादा नळी टाकून टाकीच्या पलीकडल्या बाजूला उडी मारताना दिसला, आणि मग मला फक्त धूर दिसला. फेस टाकीच्या अंगावरून ओघळून बर्नरवर आला आणि तिथं जाळ झाला. कोणीतरी डिझेल बंद केलं, कोणीतरी रेती मारायला लागलं. मी टाकीला वळसा घालून पलीकडे कशी गेले ते सांगता येत नाही. तो खरवडलेल्या मालाच्या ढिगाऱ्यावर पडला होता. एक पाय वाकडा, आणि उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत आणि मानेच्या एका बाजूला डांबर, अजून वाफाळणारं. एक जण ते ओरबाडून काढायला वाकला.

"ओढू नका! चामडी निघन! पानी आना!" मी ओरडले. आणि ती माणसं पळत सुटली. माझ्या शब्दासरशी कोणी पळालं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी मगानं पाणी ओतत राहिले. तो किंचाळत होता. मधेच थांबून त्यानं विचारलं, "तोंड त नाई ना जळालं वं?"

"नाई, दादा. तोंड चांगलं हाये."

त्यानं माझी नक्कल करायला मान वळवली नसती तर तोंड राहिलं नसतं. हे मी तेव्हा बोलले नाही आणि नंतरही नाही.

आधी वाशिम, मग अकोला. पायाची टाच मोडली होती, तिला प्लास्टर घातलं. हाताचं डांबर डॉक्टर चिकट मलम लावून, मऊ करून, थोडं थोडं काढायचे. वहिनी आत त्याला धरून बसायची. मी बाहेर व्हरांड्यात बसायचे आणि सगळं ऐकायचे. कानात बोटं घालायची मला लाज वाटली. साहेब फळं घेऊन आले, खाली मान घालून बसले आणि जाताना म्हणाले, "सगळ्या ड्रमांना झाकणं बसवली, मॅडम." मी म्हणाले, "तेल बंद करा." ते म्हणाले, खास तेल येतच आहे. ते आजवर येतच आहे. रस्ता रामनवमीच्या आधी झाला, गर्दी त्यावरून गेली आणि आली. पावसाळ्यात वळणावरची गिट्टी सुटली, तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही.

दादानं प्लांट सोडावा म्हणून मी वहिनीच्या मदतीनं आकाशपाताळ एक केलं. त्याला वाद घालायचा नव्हता. तो स्वतःच दुसरं काम शोधत होता. पण त्या हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती, फावडं धरवत नव्हतं. रिसोडकडच्या एका प्लांटवरून निरोप आला. मी खूश झाले. मग त्यानं सांगितलं, काम टाकीवरचंच आहे.

"तिथं बी जळकंच टाकतात," तो म्हणाला. "सारीकडे तेच हाये. इथं निदान तू त हाये."

वैशाखात तो परत आला. सकाळी सगळे त्याच्याभोवती जमले, चहा झाला, कोणीतरी इंजिनियर म्हणून हाक मारली आणि लगेच गप्प झालं. दादा शिडीपाशी गेला. पहिल्या पायरीवर हात ठेवला आणि काढून घेतला. "तापली हाये," म्हणाला. सकाळची वेळ होती, शिडी सावलीत होती. पुन्हा हात ठेवला. मी खिडकीतून पाहत होते. त्याचा पाय वर उचलला जात नव्हता. शेवटी तो वळला आणि माझ्या लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसला. त्याच्या कपाळाला घाम होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे भेव तू लहानपनापासून कसं सांभाळून राह्यली वं?"

इतकी वर्षं मला वाटायचं, हा एकदा तरी भिऊ दे. मी त्यासाठी काय काय केलं होतं. आता तो माझ्यासमोर बसून भीत होता आणि मला ते बघवत नव्हतं. त्याला सांगायला माझ्याजवळ काही युक्ती नव्हती. मी कधी सांभाळलंच नव्हतं, मी पळत आले होते.

मी उठले. बाहेरच्या ड्रमच्या तळातून थोडं तेल काढून आणलं, लोखंडी पळीत घेतलं आणि हॉटप्लेटवर धरलं. "लोनी कढवताना आई काय पाहे?" मी विचारलं.

"तडतड."

"तडतड थांबली का पानी गेलं. तसंच हे. पानी असन त तडतडन. नाई तडतडलं त त्यात पानी नाई."

आम्ही दोघं पळीवर वाकलो. तेलातून धूर आला, वास आला, पण आवाज आला नाही. मी पुन्हा तळातून तेल आणून पुन्हा धरलं. शांत. साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं की यापुढे मॅडमची पळी झाल्याशिवाय कोणताही ड्रम पंपाला लागणार नाही. त्यांना हायसं वाटलं असावं. मला वाटलं नाही.

कारण पळी फक्त पाण्याचं सांगते. तेल किती आंबलं ते सांगत नाही. त्यात किती डिझेल आहे, वाफ कधी पेट घेईल, ते सांगत नाही. वाटीतली तपासणी मी रोज करणार होते, बर्नर रोज कमी करायला लावणार होते, आणि तरी टाकीच्या पोटात काय चाललंय ते मला कधीच पूर्ण कळणार नव्हतं. आजवर मी नुसती भीत होते. भ्यायला काही लागत नाही. माझं कोणी ऐकत नसे, म्हणून काही झालं तर ते माझ्यावर येत नसे. आता दादानं माझ्या भीतीवर पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि ज्याचा भीतीवर विश्वास बसतो त्याचा होकारावरही बसतो.

तो शिडीपाशी गेला. या वेळी मीही बाहेर गेले. त्यानं दुखऱ्या हातानं पायरी धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चढू काय वं?"

प्लांटवरची सगळी माणसं थांबून माझ्याकडे पाहत होती. नको चढू, असं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं, आणि तसं म्हटलं असतं तर तो खाली उतरून घरी गेला असता, आणि उद्या रिसोडला, जिथं त्याला चढ किंवा नको म्हणायला कोणीच नव्हतं.

"चढ, दादा," मी म्हणाले.

तो चढला. झाकणाला हात घालायच्या आधी त्यानं वरून एकदा वळून पाहिलं, आणि मी मान हलवली.